चार सुतांचा हिशेब

नगर जिल्ह्याच्या या पट्ट्यात 'साखळी' म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे आधी बंधारे येतात. ओढा वरपासून खालपर्यंत एकामागे एक अडवत नेला, की ते साखळी बंधारे. गुरांच्या गळ्यातली साखळी, दाराची कडी-साखळी, हे सगळं त्यानंतर. मोटारसायकलची साखळी मात्र कोणीच म्हणत नाही. ती चेनच. 'चेन वाजती', 'चेन उतरली', 'चेन खेचून दे', 'चेन गेली' या चार बोलण्यांत तिचं सगळं आयुष्य येतं. ही पुस्तिका पहिल्या तिन्हींबद्दल आहे. चौथं कोणावर आडरस्त्यात येऊ नये, यासाठी ती लिहिली.

मी आयटीआयमध्ये गाड्यांच्या दुरुस्तीचा ट्रेड शिकवत आलो. इंजिन खोलायला मुलं आतुर असायची. पिस्टन, व्हॉल्व्ह, कार्बोरेटर म्हटलं की टेबलाभोवती गर्दी व्हायची. चेनचा तास आला की निम्मी खिडकीबाहेर बघायची, कारण त्यात शिकायचं काय असतं, ढिली झाली की खेचायची आणि तुटली की बदलायची, असंच त्यांना वाटायचं. पुढे ह्याच मुलांची गॅरेजं झाली आणि तिथेही तीच रीत चालू राहिली. या विषयावर वेगळं लिहावं असं मला वाटत होतंच. लिहायला बसवलं ते हिवरे बाजारच्या रस्त्यावरच्या एका सकाळीने.

हिवाळ्यातली सकाळ होती. जखणगाव सोडून हिवरे बाजारकडे येत होतो. रस्त्याच्या कडेला एक मोटारसायकल स्टँडवर लावलेली, शेजारी दुधाचे दोन कॅन, आणि एक तरुण गुडघ्यांवर बसून गाडीच्या डाव्या बाजूला वाकून पाहत होता. चेन तुटली होती. नुसती तुटून रस्त्यावर पडली असती तर निभावलं असतं. ती पुढच्या स्प्रॉकेटमध्ये गुंडाळली गेली होती आणि तिने इंजिनाच्या केसिंगला बोटभर तडा पाडला होता. तड्यातून ऑइल ठिबकत होतं. तो म्हणाला, "सर, परवाच खेचून घेतली होती." मी चेनचा तुकडा हातात घेऊन दोन्ही बाजूंना वाकवला. एरवी चेन वर-खाली वाकते, पण आडवी फार वाकत नाही. ही धनुष्यासारखी वळली. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला कलले होते, मांजराच्या नखासारखे. परवा खेचली म्हणून काही बिघडलं नव्हतं. ती चेन संपून वर्ष लोटलं असावं, आणि तरी ती दर महिन्याला खेचली जात होती. हजार-दीड हजारांत बदलली असती. आता केसिंग, ऑइल, मजुरी आणि त्या दिवसाचं दूध, एवढं अंगावर आलं.

दूध एका पाळीला पोचलं नाही तर काय होतं, हे या गावाला सांगावं लागत नाही. हिवरे बाजार हे नगरपासून १६-१७ किलोमीटरवरचं, वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं गाव. १९७२ च्या दुष्काळानंतर इथली माणसं मजुरीसाठी बाहेर पडत गेली. १९८९-९० पासून पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री धरली. डोंगरउतारावर समतल चर खोदले, ओढे अडवले, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असं ठरवलं, ऊस-केळीसारखी पाणीपिऊ पिकं बंद केली. विहिरींना पाणी आलं, डोंगरावर गवत आलं, गवतामागे जनावरं आली. दिवसाला १५० लिटरच्या घरात असलेलं दूध ४,००० लिटरपर्यंत गेलं. हे आकडे अनेकांनी अनेकदा लिहिले आहेत. पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हाही ते छापून आले. ते इथे आणायचं कारण वेगळं. एवढं दूध, एवढं गवत, पेंडीची पोती, कांद्याच्या गोण्या, नगरच्या दवाखान्याच्या फेऱ्या, पोरांच्या शाळा-कॉलेजच्या फेऱ्या, यांतलं किती दुचाकीच्या पाठीवरून जातं हे कोणी मोजत नाही. आणि ते सगळं वजन शेवटी मागच्या चाकापर्यंत ओढून नेते ती चार-साडेचार फुटांची चेन.

त्या तरुणाच्या घरी पुढे माझं जाणं-येणं झालं. त्याचे आजोबा, सगळे त्यांना आबा म्हणतात, गोठ्यासमोरच्या बाजेवर बसलेले असत. मी एकदा म्हणालो, "आबा, चेन लांबली होती याची." आबांनी मान हलवली. "मास्तर, लोखंड म्हंजी काय रबर हाय का, ताणाया?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. आणि बरोबर तोच विचारायला हवा. लोखंड ताणलं जात नाहीच. पुढच्या खेपेला मी जाताना एक नवी चेन घेऊन गेलो आणि त्या तुटक्या चेनचे तुकडे जोडून घेतले. दोन्हींच्या कड्या मोजून सारख्या केल्या, ११० इकडे, ११० तिकडे. गोठ्याच्या आढ्याला दोन खिळे मारून दोन्ही शेजारी-शेजारी सोडल्या. जुनी नवीपेक्षा दोन कड्यांहून जास्त खाली उतरली. आबा बाजेवरून उठले, जुन्या चेनचं खालचं टोक बोटाने उचललं, सोडलं, पुन्हा उचललं. "मंग ही वाढली कुठं?"

वाढली ती सांध्यांत. चेनची एक कडी म्हणजे दोन पट्ट्या, त्यांच्या मधली नळी म्हणजे बुश, बुशवर फिरणारा रोलर आणि बुशच्या पोटातून जाणारी पिन. स्प्रॉकेटच्या दाताला टेकतो तो रोलर. पण चेन प्रत्येक वळणावर वाकते ती पिन आणि बुश यांच्यामध्ये. तिथे लोखंड लोखंडावर घासतं. वंगण असेल तर कमी, नसेल तर जास्त, आणि वंगणात मुरमाची धूळ मिसळली असेल तर फार जास्त, कारण मग ते वंगण राहत नाही, व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करतं. ताशी ५० किलोमीटरने जाताना पुढचं स्प्रॉकेट सेकंदाला २० हून जास्त फेरे घेतं. प्रत्येक कडी सेकंदात कितीतरी वेळा वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. पिन झिजते, बुश आतून झिजतं आणि सांध्यात मोकळी जागा होते. एका सांध्यात पाव मिलिमीटर, लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याएवढी. असे ११० सांधे एकामागे एक लावले की २८ मिलिमीटर होतात. आढ्याला टांगलेल्या दोन चेनमध्ये जे अंतर दिसत होतं ते हेच.

आता सूत. आपल्याकडचे सुतार, लोहार, फिटर अजून इंचाचे आठ भाग करून बोलतात, आणि त्या एका भागाला सूत म्हणतात. चेनच्या पाकिटावर ४२८ असा आकडा असतो. बहुतेक १०० ते १५० सीसीच्या गाड्यांना हीच चेन लागते. त्यातला पहिला ४ म्हणजे चार सूत, एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर, अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. मोठ्या गाड्यांच्या ५२० चेनमधला ५ म्हणजे पाच सूत. मी हे फळ्यावर वर्षानुवर्षं 'पिच' म्हणून शिकवलं आणि मुलं ते पाठ करत राहिली. आबांच्या घरी 'चार सूत' म्हटल्यावर सगळं घर एका क्षणात समजलं. त्यानंतर या पुस्तिकेत मी शक्य तिथे सूतच वापरलं आहे.

मोजायचं ते असं. चेनकव्हर काढा, चेन हाताने ताणून धरा, एक पिन शून्य धरून पुढची विसावी पिन गाठा. नव्या ४२८ चेनवर हे अंतर २५४ मिलिमीटर भरतं, बरोबर १० इंच. शाळेच्या फूटपट्टीवर आरामात बसतं. ते २५९ ला पोचलं की चेन दोन टक्के वाढली, आणि तिथे थांबायचं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. एकाच जागी मोजून समाधान मानू नका, चाक फिरवून तीन-चार जागी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एखाद्या ठिकाणी पाणी साचून गंज धरतो, एखादी कडी अडकून बसते.

या गावात हे पटवायला मला श्रम पडले नाहीत. पावसाळा संपला की किती पाऊस झाला, विहिरींना पाणी किती, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा आणि मग रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं, अशी इथली पद्धत. मोजल्याशिवाय खर्च करायचा नाही, हे इथे पोरं लहानपणापासून बघतात. पाणी अजून दिसतंय म्हणून उपसत राहायचं आणि चेन अजून चालतेय म्हणून खेचत राहायचं, या दोन सवयी एकाच घरातल्या आहेत. आबांच्या नातवाने ते माझ्याआधी ओळखलं. चेनचं माप घेऊन झाल्यावर त्याने गोठ्याच्या भिंतीवर, दुधाचा हिशेब लिहितात त्याच्या खाली, खडूने तारीख, किलोमीटर आणि २५४ असं लिहून टाकलं.

कड्या काढण्याबद्दल इथे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात ही चूक घरोघरी होते. चेन इतकी ढिली होते की ॲडजस्टर शेवटाला टेकतो. मग गॅरेजवाला म्हणतो, "दोन कड्या काढून टाकू, अजून सहा महिने जातील." पन्नास-शंभर रुपयांत काम होतं आणि गिऱ्हाईक खूश. पण हिशेब करून बघा. दोन कड्या म्हणजे आठ सूत, एक इंच, २५.४ मिलिमीटर. ११० कड्यांच्या चेनमधून एक इंच काढायला जागा झाली, याचा अर्थच ती चेन जवळजवळ दोन टक्के वाढली. म्हणजे ज्या दिवशी कड्या काढण्याइतकी जागा होते, त्याच दिवशी चेन फेकायची असते. कड्या काढल्याने लांबी कमी झाली, उरलेल्या १०८ सांध्यांतली पोकळी तशीच राहिली. ती चेन आता स्प्रॉकेटच्या दातांच्या मधोमध बसत नाही, दातांवर चढून चालते आणि दात खात जाते.

याच हिशेबातून चेन न उघडता पारख करायची एक सोपी युक्ती निघते. चेन एक इंच वाढली की ती ताणून घ्यायला मागचं चाक अर्धा इंच मागे सरकवावं लागतं, कारण चेन वरूनही जाते आणि खालूनही येते. म्हणून नवी चेन बसवली त्या दिवशी ॲडजस्टर कुठल्या खुणेवर होता ते लिहून ठेवा. तिथून चाक चार सूत मागे आलं, की पुढचा प्रश्न खेचायचा नसून बदलायचा आहे.

स्प्रॉकेटला गॅरेजमध्ये कोणी स्पॉकेट म्हणतं, कोणी सॉकेट. शब्द कसाही बोलला तरी चालतो. पुढचं लहान, मागचं मोठं. समजा पुढे १४ दात आणि मागे ४२. मागचं एकदा फिरतं तेव्हा पुढचं तीनदा फिरतं, म्हणजे पुढच्या प्रत्येक दातावर तिप्पट मार पडतो. झिजतं तेच आधी, आणि ते डाव्या बाजूच्या झाकणाआड असल्याने कोणी बघत नाही. मागच्या स्प्रॉकेटची परीक्षा बोटाने होते. चेन स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला जिथे वळते तिथे पकडून मागे ओढा. ती दाताला घट्ट बसून राहिली तर ठीक. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर चेन, पुढचं, मागचं, तिन्ही बदला. नवी चेन जुन्या दातांवर टाकली तर ते दात तिला काही महिन्यांत आपल्यासारखं करून टाकतात. जुनी चेन नव्या दातांवर टाकली तर ती दात खाते. पैसे वाचवायला निघून दोन्हीकडून जातात. म्हणून बाजारात हे तिन्ही एकाच पाकिटात मिळतं.

चेनचा जन्म इथला नव्हे. आज आपण वापरतो ती बुश आणि रोलरची चेन १८८० साली हान्स रेनोल्ड या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाने इंग्लंडमध्ये, मँचेस्टरला केली. पण दात्यांच्या चाकाने माळ ओढायची कल्पना आपल्याला परकी नाही. विहिरीवरचं राहाटगाडगं हेच करायचं, मडक्यांची माळ खाली जायची, भरून वर यायची. आपल्या जिल्ह्याचं दुचाकीशी नातं तर फार जवळचं. मोठ्या दुष्काळाचं साल १९७२, आणि त्याच साली किनेटिकची लुना आली. किनेटिक इंजिनिअरिंगचा नगर-दौंड रस्त्यावरचा कारखाना ही कितीतरी घरांची भाकरी होती. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, त्याच वर्षी बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला, आणि राजदूत-येझदीच्या जागी हळूहळू कमी पेट्रोल पिणाऱ्या चार स्ट्रोकच्या गाड्या खेड्यात शिरल्या. या गाड्यांत एक चांगली गोष्ट होती, पूर्ण बंद चेनकव्हर. धुळीपासून चेन वाचली. मात्र त्या पत्र्याने ती नजरेआडही केली. कव्हरला खालच्या बाजूला एक रबरी बूच असतं. ते काढून बोट आत घालायचं आणि चेन वर-खाली किती हलते ते बघायचं, एवढ्यासाठी ते दिलेलं असतं. माझ्या पाहण्यात निम्म्या गाड्यांची बुचं हरवलेली असतात, आणि त्या भोकातून चिखल आत जात असतो.

ढिलाईचा मुद्दा हिवरे बाजारसारख्या गावात शहरापेक्षा नाजूक आहे. साध्या प्रवासी गाड्यांना खालच्या बाजूला मधोमध साधारण २० ते ३० मिलिमीटर खेळ ठेवायचा असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात किंवा चेनकव्हरच्या चिठ्ठीवर असतो. आता गाडीवर ४० लिटरचे दोन कॅन टांगले, वर पेंडीचं पोतं ठेवलं. शॉकअप दबतात, मागचं चाक वर येतं. मागचा एक्सल, स्विंगआर्मचा बोल्ट आणि पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताठ होते. रिकाम्या गाडीवर कोणी चेन सतारीच्या तारेसारखी ताणून ठेवली असेल, तर भरल्या गाडीवर तिला जायला जागाच उरत नाही. मग ती पुढच्या शाफ्टला ओढते, बेअरिंग जातं, ऑइल सील गळायला लागतं, आणि दोष इंजिनाला दिला जातो. चेन थोडी सैल असणं ही तिची गरज आहे. वजन नेणाऱ्याने ती दिलेल्या मापाच्या वरच्या टोकाला ठेवावी, आणि चाक हळू फिरवत जिथे ती सगळ्यात ताठ लागते त्याच जागी मोजावी.

चेन खेचल्यावर मागचा ब्रेक पुन्हा जुळवायचा असतो, हे विसरू नका. चाक मागे गेलं की ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि ब्रेक लागून राहतो. ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आणा, नाहीतर चाक तिरपं बसतं आणि स्प्रॉकेट एका अंगाने घासतं.

साफसफाईबद्दल एक गोष्ट मी वर्गात ओरडून सांगायचो आणि इथेही तशीच लिहितो. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, स्टँडवर चाक फिरवत चेन पुसू नका, ऑइल घालू नका. फडकं चेनमध्ये गेलं की त्यामागे बोट जातं, आणि हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. माझ्या परिचयातल्या एकाची दोन बोटं पेरापासून अशीच गेली. तो शिकाऊ नव्हता, वीस वर्षांचा कसबी कारागीर होता. इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवा. त्याच कारणाने चेनकव्हर काढून गाडी चालवू नका. मागे बसलेल्या बाईच्या लुगड्याचा पदर, पोरीची ओढणी आत ओढली जाते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागे बसणाऱ्याला धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निम्म्याहून कमी झाकणार नाही असं संरक्षण द्यायला सांगतो. तो जाळीचा साडीगार्ड कॅन टांगायला अडचण होते म्हणून काढून ठेवलेला मी पुष्कळ गाड्यांवर पाहिला आहे. तो परत बसवा.

रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून पुष्कळ जण डिझेलने चेन धुतात. सांध्यांत ओ-रिंग, म्हणजे रबरी रिंग, नसलेल्या साध्या चेनला ते चालतं. पेट्रोल नको, आग धरतं आणि ओ-रिंगच्या चेनचं रबरही खराब करतं. मऊ ब्रशने घाण सोडवा, फडक्याने कोरडी करा, आणि मग नव्वद नंबरचं ऑइल थेंब-थेंब कड्यांच्या आतल्या बाजूला, पट्ट्यांच्या फटीत सोडा. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असते, तेव्हा ते आत उतरतं. थोड्या वेळाने वरचं पुसून घ्या, चेनच्या बाहेर राहिलेल्या ऑइलला फक्त धूळ चिकटते. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल चेनला घालायची आपली सवय मोडायला हवी. त्यात काजळी आणि धातूचा बारीक कीस असतो, आणि जिथे तो नको असतो, पिन आणि बुशच्या मधे, नेमका तिथेच तो जातो.

बदलायचं काम पुस्तिकेत चित्रांसह पायरीपायरीने दिलं आहे, इथे दोनच जागा दाखवतो जिथे हात चुकतात. पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट चेन काढायच्या आधी सैल करा. चेन असताना गिअर टाकून मागचा ब्रेक दाबला की स्प्रॉकेट धरून राहतं. चेन निघाली की ते फिरत राहतं आणि बोल्टचं डोकं गोल होतं. दुसरी जागा लॉकची. चेनची दोन टोकं जोडणारी ती चपटी पट्टी एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला फाटलेली असते. बंद टोक नेहमी चेन धावते त्या दिशेला. वरच्या बाजूला चेन मागून पुढे धावते, म्हणून तिथे बसवताना बंद टोक पुढे. उलटी बसवली आणि कव्हरला कुठे घासली की पट्टी निसटते, चेन सुटते. जुनं लॉक नव्या चेनला वापरू नका. चाक काढलंच आहे तर हबमधले रबर बोटाने दाबून बघा. कडक होऊन फुटले असतील तर तेही बदला, नाहीतर प्रत्येक गिअरला चेनला हिसका बसतो.

पाकीट घेताना दाम कमी बघून घेऊ नका, एवढं सांगण्याचा मला अधिकार आहे. एकदा नगरच्या एका दुकानातून मी स्वस्त पाकीट घेतलं. वरचं छपाईकाम हुबेहूब होतं. चार महिन्यांत मागच्या स्प्रॉकेटचे दात वाकले, त्यांना पाणीच नीट दिलेलं नव्हतं. तेव्हापासून नवं स्प्रॉकेट हातात आलं की मी दाताच्या कडेवर जुन्या कानशीची एक हलकी ओढ मारतो. दात नीट कडक केलेला असेल तर कानस सरकते, खात नाही. दुकानदाराला ते आवडत नाही, म्हणून घरी आणून करतो आणि बिल जपून ठेवतो.

ही पुस्तिका लिहिताना माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी चुका काढल्या, काहींनी आपल्या गॅरेजमध्ये झिजलेले भाग राखून ठेवले आणि फोटो काढू दिले. आतली चित्रं त्यांच्या त्या तेलकट टेबलांवरची आहेत. सगळ्यात जास्त ऋण आबांचं, त्यांनी विचारलेल्या प्रश्नाने पुस्तिकेचं पहिलं प्रकरण बदललं. त्या दोन चेन अजून गोठ्याच्या आढ्याला आहेत. मागे गेलो तेव्हा नव्या चेनच्या टोकाला एक कोरी दोरी बांधलेली दिसली. नातवाने सांगितलं, गाडीवरची चेन बदलायला आली की तिच्याही ११० कड्या मोजून तिसऱ्या खिळ्यावर टांगायची, आणि दोरीला गाठ मारून ठेवायची, किती किलोमीटरला किती उतरली ते आबांना हात लावून कळावं म्हणून. आबांना आता नीट दिसत नाही.